फाइल पॅलिएटिव्ह विभागाकडे पाठवली, म्हणजे बाबांचे उपचार संपले का?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. बाबा ६६ वर्षांचे, कोपरखैरण्यात राहतात, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार होते. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) झाले, वर्षभर बरं गेलं. आता मानेत गाठ परत आली, फुफ्फुसातही डाग दिसले. मानेवरची गाठ फुटून जखम झाली आहे, जेवण नाकातल्या नळीने चालू आहे. डॉक्टरांनी गोळ्यांची केमो चालू ठेवली आणि केसपेपरवर ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे त्रास कमी करणारी देखभाल, असं लिहून दिलं. भाऊ म्हणतो, डॉक्टरांनी हात वर केले. दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात आहेत, पण सवय लागेल या भीतीने अगदीच सहन होईना तेव्हा एखादी देता. आजार परत आल्याचं बाबांना सांगितलेलं नाही. आणि प्रश्न असा, की आता त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं की घरी?

मी नर्स आहे. ठाणे आणि नवी मुंबईत कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन बघणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. घर की हॉस्पिटल, याच्याकडे मी शेवटी येते. कारण त्याच पत्रात तुम्ही ओघात दोन गोष्टी लिहून गेलात: बाबा रात्रभर बसून असतात, आणि जखमेचा वास येतो म्हणून नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. मला खरी अडचण तिथे दिसते. हे दोन्ही त्रास आजच्या घडीला पुष्कळ कमी करता येतात आणि तुमच्या घरात ते होत नाहीये. ते झालं की बाकीचे निर्णय घ्यायला डोकं शांत राहतं.

मी बाबांना पाहिलेलं नाही. त्यांची किडनी कशी चालते, वजन किती उतरलंय, दुसरी कोणती औषधं आहेत, यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे औषध किती द्यायचं ते त्यांचे डॉक्टरच सांगतील. कसं द्यायचं आणि का, ते मी सांगते.

आधी भावाचं म्हणणं. आपल्याकडे बहुतेक पेशंट या विभागात फार उशिरा, अगदी शेवटच्या दिवसांत पोचतात. मग शेजारीपाजारी तेच बघतात आणि ‘तिकडे पाठवलेला माणूस परत येत नाही’ असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात हा विभाग दुखणं, दम, उलट्या, जखम, झोप, मनाची घालमेल हे सगळं बघतो आणि कॅन्सरचे उपचार चालू असतानाही बघतो. तुमच्या बाबांची केमो चालूच आहे, हे भावाला दाखवा. २०१० मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटचा अभ्यास छापला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना तेच उपचार आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या लोकांचे दिवस जास्त बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि ते सरासरी जगलेही जास्त: ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. आजार वेगळा होता, त्यामुळे हे आकडे बाबांना लावू नका. पण या विभागात गेल्याने माणूस लवकर जातो, ही भीती मनातून काढायला एवढं पुरे आहे.

आजार पूर्ण बरा होणार नाही, हे मात्र भाऊ ओळखून असेल तर त्याचं चुकत नाही. मानेत परत येऊन फुफ्फुसात गेलेला हा कॅन्सर आटोक्यात ठेवण्याचे उपचार असतात, मुळातून काढून टाकण्याचे सहसा नसतात. त्याचा राग त्या दुःखाचा आहे. त्याच्याशी वाद घालू नका.

आता दुखणं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण रात्र सुधारली की घरातलं निम्मं ओझं उतरतं.

मॉर्फिनची साधी गोळी पोटात गेल्यावर काम सुरू करायला साधारण अर्धा तास घेते आणि तिचा असर चारेक तास टिकतो. तुम्ही दुखणं शिगेला पोचल्यावर गोळी देता. म्हणजे तो अर्धा तास बाबा तळमळतात, मग थोडा आराम, मग गुंगी, मग पुन्हा दुखणं चढतं आणि पुढची गोळी ‘अजून थोडं थांबूया’ म्हणून लांबते. असं चाललं की दुखणं कधीच ताब्यात येत नाही आणि प्रत्येक वेळी जास्त औषध लागल्यासारखं वाटतं. म्हणून ही गोळी घड्याळाप्रमाणे देतात, बाबा कण्हत असोत वा नसोत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा लिहून देतात. रात्री १० चा डोस बऱ्याचदा दुप्पट असतो, म्हणजे मधल्या २ च्या डोससाठी पेशंटला उठवावं लागत नाही. तुमच्या कागदावरही असंच काही लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. मध्येच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा, तेही डॉक्टर सांगून ठेवतात. मात्र इतके दिवस गोळी अधूनमधूनच चालू होती, म्हणून नियमित सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा आणि आतापर्यंत कशी देत होतो ते खरं खरं सांगा.

एक शाळेची वही घ्या. किती वाजता गोळी दिली, जादा कधी लागली, तेव्हा बाबा काय करत होते, एवढंच लिहा. मी घरी गेले की आधी ही वही मागते. वहीत रोज सकाळी नऊ-साडेनऊला जादा डोस दिसला आणि ड्रेसिंगही तेव्हाच होत असेल, तर उत्तर समोर असतं: ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी डोस द्यायचा. दुखणं कसं आहे हेही बाबांच्या शब्दांत लिहा. ठणका वेगळा, आग होणं किंवा शॉक बसल्यासारखी कळ वेगळी. दुसऱ्या प्रकाराला मॉर्फिन एकटं पुरत नाही, त्याला नसांसाठीची वेगळी गोळी जोडावी लागते. वहीत तसं लिहिलेलं असलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

सवयीची भीती प्रत्येक घरात असते. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने कॅन्सरच्या पेशंटला व्यसन लागणं फार क्वचित घडतं. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. पहिले दोन-चार दिवस झोप येते, मळमळतं, मग ते ओसरतं. बऱ्याच रात्रींची राहिलेली झोपही त्या दिवसांत भरून निघत असते. काळजी कधी करायची? हाक मारूनही डोळे उघडत नाहीत, श्वास अगदी संथ झालाय, किंवा लघवी फार कमी झालीय आणि भ्रम सुरू झालाय, असं दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा.

एक त्रास मात्र ओसरत नाही, तो बद्धकोष्ठतेचा. मॉर्फिन चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषध रोज चालूच ठेवायचं, आज झाली म्हणून उद्या बंद असं नाही. मॉर्फिन ‘सोसत नाही’ म्हणून सोडून दिलेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत. त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त चार-पाच दिवस शौचाला झालेली नव्हती.

आणि नळी आहे म्हणून हे नक्की वाचा: साधी मॉर्फिनची गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. पण गोळीच्या पाकिटावर ‘एसआर’ असं लिहिलेलं असेल तर ती कुटायची नाही. ती बारा तास हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. आजच पाकीट बघा.

मॉर्फिन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणूनही लोकांना ते भयंकर वाटतं. त्यामागे कायदा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते इतकं आवळलं गेलं, की खऱ्या गरजूंनाही मिळेना. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तरी ते अशाच ठिकाणी मिळतं, म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी सोय करा. सण आणि जोडून आलेल्या सुट्ट्या आधी बघून ठेवा. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

आता जखम. वास हा त्यातल्या जंतूंचा असतो आणि त्यावर औषध आहे. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक पूड करून जखमेवर टाकतात किंवा तिचं जेल लावतात. नियमित केलं तर काही दिवसांत फरक कळतो. किती आणि किती वेळा, ते ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरकडून एकदा समोर करून घ्या. घरी सगळ्यात जास्त चुकतं ते जुनं गॉज काढताना. सुकून चिकटलेलं गॉज ओढलं की बाबा ओरडतात, रक्त येतं, आणि मग घरातलं कुणी ड्रेसिंगला धजत नाही. एक लिटर पाणी उकळून त्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून कोमट होऊ द्या. ते पाणी गॉजवर सोडत राहा, पाच मिनिटं, दहा मिनिटं, लागेल तितकी. गॉज फुगतं, कडेने आपोआप सुटायला लागतं, मग ते बोटाने नुसतं उचलायचं. घासायचं नाही. पूड टाकायची, वर नवीन गॉज, ते चिकटू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं मलम किंवा जाळी. वापरलेलं गॉज लगेच पिशवीत गाठ मारून बाहेर. माश्या बसू देऊ नका, दुपारच्या झोपेला मच्छरदाणी लावा. जखमेत वळवळल्यासारखं वाटलं किंवा किडे दिसले तर लाजू नका, त्याच दिवशी दाखवा. किडे काढता येतात.

घणसोलीतल्या एका घरी आजोबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. घरच्यांना वाटायचं, मनाने खचलेत. ड्रेसिंग नीट बसल्यावर आठवडाभरात ते दारापाशी खुर्ची टाकून बसू लागले, जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारू लागले. आपल्या वासाने दुसऱ्याला त्रास नको, एवढ्यासाठी ते तोंड फिरवून होते. तुमचे बाबाही नातवंडांना त्याचसाठी लांब ठेवत असावेत.

मानेवरच्या जखमेची एक अवघड गोष्टही सांगायला हवी. तिथून कधी कधी जोराने रक्त येऊ शकतं. सगळ्यांना येत नाही, आधी थोडं थोडं येऊन इशाराही मिळतो. असं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि तसं झालंच तर काय करायचं ते आधी विचारून ठेवा. पलंगाजवळ दोन-तीन गडद रंगाचे टॉवेल ठेवा. पांढऱ्या कापडावर रक्त फार भयानक दिसतं, माणूस आणि घर दोन्ही घाबरतात. टॉवेल दाबून धरायचा, बाबांचा हात सोडायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी फोन करायचा. घशातून शिट्टीसारखा आवाज येऊन श्वास अडायला लागला किंवा केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही.

बाबांना सांगावं का? नातेवाईक मला दारातच थांबवतात, ‘सिस्टर, त्यांना काही बोलू नका.’ आणि आत गेल्यावर पेशंट हळूच विचारतात, ‘हे परत आलंय ना?’ मानेवरची गाठ बाबा रोज हाताने चाचपतात. त्यांना ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. ठाऊक आहे पण बोलता येत नाही, हा एकटेपणा फार वाईट असतो. म्हणून तुम्ही सांगायला बसू नका, विचारायला बसा. ‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतं?’ किंवा ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ आणि मग गप्प बसा. बोलता येत नसेल तर पाटी-पेन्सिल द्या. काही माणसं म्हणतात, मला सगळं सांगा. काही म्हणतात, पोरांना विचारा, मला नको. दोन्ही ठीक. त्यांनी विचारलं तितकंच सांगायचं, पण खोटं सांगायचं नाही. बऱ्याचदा त्यांची काळजी आपण धरून बसलेल्या गोष्टीची नसतेच. पतपेढीचं कर्ज, गावाकडच्या जमिनीचा कागद, बायकोच्या नावावर खोली झाली का, हे निघतं. ते मार्गी लागलं की झोप सुधारलेली मी पाहिली आहे.

तुम्ही लिहिलंय, की आई चिडली की ‘तंबाखूने केलं सगळं’ म्हणते. तिचं दमणं मला कळतं. पण हे वाक्य घरात बंद करायला हवं. पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाने भूक आणि थकवा मारायला तंबाखू धरली, ती आता त्यांच्यासमोर काढून उपयोग नाही. अशा बोलण्यानंतर पेशंट दुखणं सांगायचंच थांबवतात, ‘माझंच केलेलं आहे’ म्हणून सोसत राहतात. आईला आठवड्यातल्या दोन रात्री तरी पूर्ण झोप मिळेल अशी पाळी तुम्ही भावंडांनी लावून घ्या.

खाण्याबद्दल थोडंच लिहिते. नळीतून एका वेळी साधारण एक पेला, दर दोन-तीन तासांनी, बसवून द्या आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवा. पुढे कधीतरी शरीर अन्न नको म्हणेल. तेव्हा पोट फुगेल, उलटी होईल. त्या टप्प्यावर जास्त भरवल्याने ताकद येत नाही आणि सलाईनची बाटली लावल्याने सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. तेव्हा तोंड ओलं ठेवणं, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावणं याने जास्त आराम पडतो.

आता घर की हॉस्पिटल. दुखणं ताब्यात असेल, घरात रात्री जागायला एकाहून जास्त माणसं असतील, फोनवर उत्तर देणारी टीम असेल आणि मुख्य म्हणजे बाबांना घरीच राहायचं असेल, तर घर चांगलं. रक्तस्राव सुरू झाला, श्वास अडू लागला, किंवा आईला झेपेना, तर हॉस्पिटल किंवा हॉस्पिस, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांना ठेवून घेऊन त्यांचा त्रास कमी करणारी जागा. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. काही दिवस तिथे आणि मग परत घरी, असंही करता येतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे. ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. बरा न होणारा कॅन्सर असलेल्यांना तिथे मोफत ठेवून घेतात. तुमची फाइल जिथे आहे तिथेच आधी विचारा: घरी येणारी टीम कोपरखैरण्यापर्यंत येते का, रात्री फोन कुणाला करायचा, आणि प्रत्येक वेळी बाबांना न आणता वही घेऊन घरचं माणूस आलं तर चालेल का. जखम आणि नळी घेऊन त्यांना ट्रेनने किंवा रिक्षाने दरवेळी न्यायची गरज नसते.

घरीच ठेवायचं ठरलं, तर जवळच्या एखाद्या एमबीबीएस डॉक्टरांना आतापासून बाबांची ओळख करून द्या, कागद दाखवून ठेवा. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४ए, डॉक्टरांकडूनच घ्यावा लागतो. पेशंट आधी पाहिलेला नसला की ऐन वेळी सही मिळायला धावपळ होते. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको असं बाबांचं स्वतःचं म्हणणं असेल तर ते लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. हे त्यांना विचारूनच, आणि त्यांना बोलायचं असेल तरच.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: गोळीचं पाकीट बघा, डॉक्टरांना फोन करून वेळा ठरवून घ्या, वही सुरू करा, ड्रेसिंग एकदा सिस्टरकडून समोर शिकून घ्या. पॅलिएटिव्हच्या ओपीडीला जाताना सगळे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, कुणी दिलेली आयुर्वेदिक पुडी असेल तर तीही, आणि वही न्या. भावालाही न्या. त्याला जे विचारायचंय ते त्याने तिथल्या डॉक्टरांनाच विचारू दे.